पहिलटकरीण मांजर आणि तिची नवजात पिले : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातील खेड्यात मांजर पाळली जाते असे म्हणण्यापेक्षा ती घराला लागते असे म्हणणे अधिक खरे आहे. धान्याच्या पोत्यांमागे उंदरांच्या शोधात आलेली एखादी मांजर वर्षभर ओसरीवर वावरते, आणि एक दिवस तिचे पोट दिसू लागले की घरच्यांची धावपळ सुरू होते. परभणी जिल्ह्यातील आमच्या घरी मांजरीची बरीच बाळंतपणे झाली असल्यामुळे नात्यातील व ओळखीतील माणसे अशा वेळी आमच्याकडे विचारणा करतात. त्यांचेच प्रश्न येथे एकत्र केले आहेत. औषधांच्या मात्रा मुद्दाम दिलेल्या नाहीत, कारण शंभर ग्रॅमच्या जिवाला थेंबभर औषधही जास्त होऊ शकते.

मांजर किती दिवसांनी विते, आणि तिच्यासाठी जागा कशी करावी?

मांजरीचा गर्भकाळ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा असतो. गाभण राहिल्याची तारीख बहुधा कोणालाच ठाऊक नसते, परंतु शेवटच्या आठवड्यात सड भरून येतात आणि मांजर बाजेखाली, कपाटामागे, कणगीच्या आडोशाला, कडब्याच्या गंजीत जागा धुंडाळू लागते. या वेळी तिला एक खोके द्यावे. ते इतके मोठे असावे की तिला आत आडवे होऊन पाय ताणता येतील, आणि त्याची पुढची कड चार-पाच बोटे उंच ठेवावी, म्हणजे तिला ओलांडता येईल पण पिले बाहेर घरंगळणार नाहीत. तळाशी वर्तमानपत्र आणि त्यावर धुतलेल्या सुती लुगड्याची किंवा धोतराची घट्ट घडी घालावी. टॉवेल नको, त्याच्या फासांत पिलांची नखे अडकतात.

वेचणीच्या दिवसांत घरात कापसाचा ढीग असतो, आणि मांजरीला त्याहून मऊ जागा दुसरी दिसत नाही. मात्र सुटा कापूस ओल्या पिलाच्या अंगाला, नाकातोंडाला आणि नाळेला चिकटतो, व त्याचे तंतू पायाला पिळा पडून रक्त थांबवतात. म्हणून कापसाच्या खोलीचे दार या काळात बंदच ठेवावे. त्याहून मोठा धोका धान्याच्या खोलीत असतो. किडीसाठी पोत्यांत ठेवतात त्या विषारी गोळ्यांतून निघणारा वायू बंद खोलीत माणसाचाही जीव घेतो, तेथे जमिनीलगत निजलेल्या पिलांचा निभाव लागणे शक्य नाही. कपड्यांच्या पेटीतील डांबराच्या गोळ्या, कापूर आणि फरशीला लावलेले फिनाईल हेही मांजरांना विषासमान आहे. बाळंतिणीची खोली नुसत्या साबणाच्या पाण्याने पुसावी.

कळा सुरू झाल्यावर आपण नेमके काय करायचे?

शक्यतो काहीच नाही. दूर बसून घड्याळाकडे लक्ष ठेवायचे. जोराच्या कळा सुरू झाल्यापासून साधारण अर्ध्या तासात पहिले पिलू बाहेर येते, आणि पुढची पिले दहा मिनिटांपासून तासाभराच्या अंतराने येतात. काही मांजरी मध्येच थांबून निवांत दूध पाजतात व नंतर उरलेली पिले देतात. ती शांत असेल, खात-पीत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही.

पहिलारू मांजर कधी कधी गोंधळते आणि पिलावरचे पातळ आवरण चाटून काढत नाही. मिनिटभर वाट पाहूनही तिने ते फाडले नाही, तर स्वच्छ बोटांनी पिलाच्या नाकाजवळ आवरण फाडावे, नाक व तोंड पुसावे आणि कोरड्या सुती फडक्याने पाठीवरून चोळावे. पिलू चिरकले की लगेच आईच्या तोंडापुढे ठेवावे. पिलाला पायाला धरून झुलवण्याची जुनी रीत आता पशुवैद्यक सांगत नाहीत, कारण त्याने मेंदूला इजा होते. नाळ आईच दातांनी तोडते. तिने तोडली नाहीच, तर पोटापासून दोन-तीन सेंटीमीटरवर उकळलेल्या दोऱ्याने बांधून गाठीच्या पलीकडे उकळलेल्या कात्रीने कापावी, पण ती ओढू मात्र नये.

प्रत्येक पिलामागे एक वार पडते आणि आई ती खाऊन टाकते. ते नैसर्गिक आहे. मांजरीची वार तिजोरीत ठेवली की बरकत येते अशी समजूत आपल्याकडे आहे, आणि तिच्यापायी भर कळांत मांजरीच्या पुढ्यातून वार ओढून घेणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. बिथरलेली मांजर अशा वेळी पिले उघडी टाकून निघून जाते, तेव्हा त्या घरात बरकत सोडून दुसरेच काही येते. वारा पिलांइतक्या पडल्या का, एवढे मात्र मोजून ठेवावे. एखादी आत राहिली तर पुढे गर्भाशयात पू होऊ शकतो.

डॉक्टरांकडे केव्हा धावावे? आणि आमच्या भागात मांजरीचा डॉक्टर मिळतो का?

अर्धा तास जोराच्या कळा येऊनही पिलू बाहेर पडले नाही, पिलू अर्धे अडकले, ताजे लाल रक्त वाहतच राहिले, दुर्गंधीयुक्त स्राव येऊ लागला, किंवा मांजर निपचित पडली, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.

गावच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात प्रामुख्याने गाई-म्हशी आणि शेळ्या येतात. मांजर नेली तर बाकावर बसलेले लोक हसतात, हे खरे आहे. तरीही तेथील डॉक्टर पशुवैद्यकच असतात आणि प्राथमिक तपासणी करू शकतात. शासनाचा १९६२ हा क्रमांक गुराढोरांच्या फिरत्या पथकांसाठी असला, तरी जवळ कोण उपलब्ध आहे हे विचारायला हरकत नसते. शस्त्रक्रियेची वेळ आली तर परभणी आणि उदगीर येथील पशुवैद्यक महाविद्यालयांचे दवाखाने हे मराठवाड्यातील भरवशाचे पत्ते होत. छत्रपती संभाजीनगर, नांदेड व लातूर या शहरांत खासगी दवाखानेही आहेत. मांजर गाभण आहे असे कळताच जवळच्या डॉक्टरांचा क्रमांक लिहून ठेवावा. रात्री दोन वाजता तो शोधता येत नाही.

आमची मांजर पिलांजवळ बसतच नाही. तिला माया नाही का?

माया असते, उमज नसते. पहिल्या वेळी अंगातून एकाएकी काहीतरी किंचाळणारे बाहेर आले, याचाच काही मांजरींना धक्का बसतो. आमची ठकी पहिल्या खेपेस एक पिलू ओसरीवर टाकून माझ्या मागे मागे स्वयंपाकघरात आली आणि चुलीपुढे बसून ओरडू लागली. पिलू फडक्यात घेऊन मी खोक्यापाशी गेलो, ती आली. मी उठलो, तीही उठली. शेवटी खोक्याला टेकून बसलो आणि तिच्या कपाळावर एक बोट फिरवत राहिलो. वीस-पंचवीस मिनिटांनी तिने पिलू हुंगले, एकदा फिसकारली, पुन्हा हुंगले, आणि मग इतक्या जोराने चाटू लागली की ते उलटेपालटे झाले. त्यानंतर मी उठून गेलो हे तिच्या लक्षातही आले नाही.

सांगायचे ते एवढेच, की माणसाळलेल्या मांजरीला ओळखीचे एक माणूस जवळ हवे असते, आणि बुजऱ्या मांजरीला तेही नको असते. कोणती कशी आहे हे तुम्हालाच ठाऊक असणार. दोन्ही बाबतीत खोली अंधारी, शांत आणि कुत्र्यामुलांपासून दूर ठेवावी, तिचे खाणे-पाणी खोक्याच्या हाताशी ठेवावे आणि पिलांची तोंडे तिच्या सडांना लावून द्यावीत. पिले लुचू लागली की पान्हा फुटतो, आणि बहुतेक वेळा पान्ह्यामागोमाग मायाही येते. यात दिरंगाई मात्र चालत नाही, कारण पहिल्या चिकातून मिळणारी रोगप्रतिकारक द्रव्ये पिलाचे आतडे जन्मानंतर जेमतेम सोळा तासच शोषून घेऊ शकते. वासराला चीक पाजण्याची जी घाई आपण करतो, तीच येथेही करावी.

माणसाचा हात लागला तर मांजर पिले टाकून देते किंवा खाते, हे खरे आहे का?

नाही. ओळखीच्या माणसाच्या वासाने मांजर पिले टाकत नाही. हात स्वच्छ धुऊन, तिच्या समोरच, दिवसातून एकदोनदा पिलू उचलण्यास काही हरकत नाही. पिलू मेलेले असेल, अतिशय दुबळे असेल, किंवा आई भेदरलेली अथवा उपाशी असेल, तर क्वचित ती पिलू खाते. दोष हाताच्या वासाचा नसून परिस्थितीचा असतो. गल्लीतील सगळी पोरे रांगेने पिले पाहायला येऊ देणे आणि घरच्या एका माणसाने वजनासाठी पिलू उचलणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मांजर पिलांना सात घरे दाखवते म्हणतात. तिला हलवू द्यावे का?

सात हा आकडा मोजून कोणी ठेवलेला नाही, पण जागा बदलणे हा तिचा स्वभावच आहे. अंथरूण घाण झाले, उजेड वाढला, बोका फिरकला, माणसांची वर्दळ झाली, की ती पिलाच्या मानेची कातडी दातांत धरून निघते. पिलूही त्या वेळी अंग सैल सोडून निमूट लोंबते. तिने निवडलेली जागा कोरडी, उबदार व सुरक्षित असेल तर तिच्या मनासारखे होऊ द्यावे आणि खाणे-पाणी तिकडे न्यावे. धोक्याची असेल तर पिले परत आणून जुन्या जागेतील उणीव शोधावी. नुसते दार लावून कोंडल्याने ती अधिकच सैरभैर होते.

याबाबतीत चूक आमच्याकडूनही झाली आहे. एका डिसेंबरात घरी पाहुणे यायचे होते म्हणून मी ठकीचे खोके, पिले चार दिवसांची असताना, न्हाणीघराशेजारच्या खोलीत सरकवले. दुसऱ्या दिवशी पहाटे खोके रिकामे होते. माळवदाच्या जुन्या खोलीत, सोयाबीनच्या पोत्यांच्या मागे, तीन पिले सापडली. चौथे जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होते. वाटेत काही आवाज झाला असावा आणि तिने ते तेथेच ठेवले असावे. हातात घेतले तेव्हा ते नुकत्याच धुतलेल्या काकडीसारखे गार लागले, आणि तोंड उघडत होते पण आवाज येत नव्हता.

पिलू गार पडले तर काय करावे?

आधी ऊब, मग दूध. हा क्रम कधीही उलटा करू नये. गार पडलेल्या पिलाचे आतडे काम करत नाही, त्यामुळे पाजलेले दूध पोटात तसेच राहते किंवा फुप्फुसात जाते. जिन्यावरचे ते पिलू मी सदऱ्याच्या आत, छातीला लावून, वरून घोंगडी पांघरून तासभर बसलो. शेकोटीजवळ धरणे किंवा गरम पाण्यात बुडवणे टाळावे, कारण एकाएकी दिलेल्या उष्णतेने ते दगावू शकते. अंग उबदार झाले, हालचाल सुरू झाली आणि बोट लावल्यावर ते तोंडाने चाचपू लागले, तेव्हाच त्याला आईच्या सडाला लावले. पुढचे तीन दिवस ते वजनात मागे होते, नंतर भरून निघाले.

थंडीत आणि उन्हाळ्यात काय काळजी घ्यावी?

नवजात पिलाला पहिल्या आठवड्यात थंडीने काकडताही येत नाही; त्याची ऊब म्हणजे आईचे पोट आणि भावंडांची अंगे. पहिल्या आठवड्यात पिलांच्या अंथरुणापाशी साधारण ३० अंश सेल्सिअस तापमान असावे, व पुढे दर आठवड्याला ते थोडे कमी झालेले चालते. डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा एक आकडी होतो आणि पत्र्याच्या खोलीत तर पहाटे हाडे गोठतात. अशा वेळी प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरून, बूच घट्ट लावून, ती जुन्या पायमोज्यात घालून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवावी, म्हणजे पिलांना ऊब नकोशी झाली तर दुसरीकडे सरकता येते. दोन-तीन तासांनी पाणी बदलावे लागते. भारनियमनाच्या गावात विजेच्या दिव्यापेक्षा हीच सोय खात्रीची. कोळशाची शेगडी बंद खोलीत कदापि ठेवू नये. खोक्यावर वाकळ टाकावी, पण एक बाजू उघडी राहू द्यावी.

उन्हाळ्याचे बाळंतपण आम्हाला अधिक अवघड वाटते, कारण थंडीत काय करायचे हे सर्वांना सुचते आणि मे महिन्यात कोणालाच सुचत नाही. पारा ४२ अंशांच्या पुढे गेला की पत्र्याखालचे खोके भट्टी होते. पिले एकमेकांपासून दूर पसरून पडली, सतत कुरकुरू लागली, आई तोंड उघडे ठेवून धापा टाकू लागली, तर त्याच क्षणी खोके मातीच्या किंवा माळवदाच्या खोलीत जमिनीवर हलवावे. खिडकीला ओले पोते टांगावे, कूलरचा झोत मात्र थेट पिलांवर सोडू नये. आईला पाणी दोन ठिकाणी ठेवावे. दूध म्हणजे मुख्यतः पाणीच, आणि तहानलेल्या आईचा पान्हा आटतो.

पिलांना दूध पुरते आहे हे कसे ओळखावे?

वजनावरून. दुसरी कोणतीही खूण इतकी विश्वासू नाही. पोट भरलेली पिले गोल पोटाने, झोपेत अंग झटकत, गुपचूप पडून असतात आणि भुकेली पिले रडत आईच्या अंगावर भटकत राहतात, हे खरे. परंतु खरोखर खचलेले पिलूही गुपचूपच असते, आणि घरचे त्यालाच शहाणे समजतात.

जन्मतः पिलाचे वजन साधारण ९० ते ११० ग्रॅम असते. पहिल्या दिवशी किंचित घट झाली तर चालते; त्यानंतर दररोज दहा ग्रॅमच्या आसपास वाढ व्हावी आणि दोन आठवड्यांत वजन दुप्पट व्हावे. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातील काटा यासाठी पुरतो. वाटीत फडके घालून काटा शून्यावर आणावा, पिलू ठेवावे, आकडा लिहावा. रोज त्याच वेळी. आमच्या वहीच्या एका पानावर चार पिलांचे पहिल्या दिवसाचे आकडे ९८, ९६, १०४ आणि ८८ असे आहेत, आणि पाचव्या दिवशीचे १३६, १३१, १४५ आणि ९३. शेवटच्या आकड्याखाली दोन रेघा ओढलेल्या आहेत. ते पिलू नुसते बघून आजारी वाटत नव्हते. दांडग्या भावंडांनी त्याला भरल्या सडांवरून ढकलून दिलेले होते. दर दोन-तीन तासांनी त्याला एकट्याला मागच्या सडांवर, जेथे दूध बहुधा अधिक असते, लावून धरले आणि ते सावरले. सारखी दिसणारी पिले ओळखता यावीत म्हणून केसांवर खाण्याच्या रंगाचा ठिपका लावावा. गळ्यात दोरा बांधू नये.

एका दिवसात वजन वाढले नाही तर लक्ष ठेवावे, आणि दुसऱ्या दिवशीही वाढले नाही किंवा घटले तर वरचे दूध आणि डॉक्टर या दोन्हींची सोय करावी.

वरचे दूध कोणते आणि कसे पाजावे?

मांजरीच्या दुधात प्रथिने गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक असतात, त्यामुळे गाईचे दूध पिलाला पोसत नाही आणि त्यातील साखरेने हगवण लागते. पाणी घालून ते पातळ केल्याने प्रश्न अधिकच वाढतो. मांजरीच्या पिलांसाठीची दूध पावडर जिल्ह्याच्या ठिकाणी पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळते व घरपोचही मागवता येते, ती गाभणपणातच आणून ठेवावी. गावात दुसरी मांजर नुकतीच व्यालेली असेल तर तिच्याकडे पिलू लावून पाहणे सर्वांत उत्तम, कारण मांजरी परक्या पिलांना बहुधा सामावून घेतात. यांपैकी काहीच नसेल, तर एका रात्रीपुरते शेळीचे दूध उकळून, कोमट करून, पाणी न घालता पाजता येते, आणि सकाळी पावडरीच्या शोधाला निघावे लागते.

पिलू पालथे, पोटावर ठेवावे, जसे ते आईला लुचते तसे. माणसाच्या बाळासारखे उताणे धरले की दूध श्वासनलिकेत जाते आणि दोन दिवसांत न्यूमोनियाने पिलू जाते. वरच्या दुधावरची पुष्कळ पिले भुकेने नव्हे तर या चुकीने दगावतात. सुई नसलेल्या एक मिलीलीटरच्या सिरिंजने थेंब थेंब द्यावे. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. एका वेळी शंभर ग्रॅम वजनामागे सुमारे चार मिलीलीटर पुरते. पाजून झाल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने शेपटीखाली हलकेच पुसावे, कारण पहिले सुमारे तीन आठवडे पिलाला स्वतःहून शी-शू करता येत नाही आणि आई हेच काम चाटून करत असते.

आईला काय खायला द्यावे? आमच्या घरी माळ आहे, मांस शिजत नाही.

दूध पाजणाऱ्या मांजरीला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट अन्न लागते, आणि चार-पाच पिले असतील तर तेही कमी पडते. तिला दिवसातून दोनदा वाढण्याऐवजी वाटी सतत भरलेली ठेवावी. पिलांसाठी म्हणून जे तयार कोरडे खाद्य मिळते, ते या काळात आईलाही सर्वांत चांगले. मीठ-मसाला, कांदा, लसूण न घालता उकडलेले हाड नसलेले चिकन आणि उकडलेले अंडे हे त्याला पूरक. कांदा-लसणाने मांजरीच्या रक्तातील लाल पेशी नष्ट होतात, म्हणून घरच्या रश्श्यातील तुकडा देऊ नये.

दूध-भाकरीवर मांजर जगते असे आपल्याकडे मानले जाते. प्रत्यक्षात ती दूध-भाकरी आणि उंदीर यांवर जगत असते, आणि बाळंतीण मांजरीला उंदरांमागे जायला सवड नसते. मांजर हा पूर्णतः मांसाहारी प्राणी आहे. तिला लागणारे टॉरिन हे द्रव्य वनस्पतींत जवळजवळ नसते व त्याच्या अभावी डोळे आणि हृदय निकामी होतात. माळकरी घरात मांस शिजवणे शक्य नसेल, तर मांजरीच्या तयार खाद्याचे पाकीट आणून तिची वाटी ओसरीवर वेगळी ठेवावी; माळ आपल्या गळ्यात आहे, तिच्या नाही. एका आजीने मायेपोटी मांजरीपुढे अळिवाची खीर ठेवली होती. मांजरीने ती हुंगून वाटीभोवती जमीन उकरली.

डोळे केव्हा उघडतात?

सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान. बोटांनी उघडू नयेत. मिटलेल्या पापणीखाली फुगवटा दिसला किंवा कडेने पिवळा स्राव आला, तर आत पू असतो आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, अन्यथा डोळा कायमचा जातो. उघडल्यानंतर सर्वांचेच डोळे निळे असतात. खरा रंग सहा-सात आठवड्यांनी येतो.

पिलांच्या अंगावर पिसवा झाल्या आहेत. पावडर टाकावी का?

टाकू नये. कुत्र्यांच्या पिसवांसाठी किंवा गुरांच्या गोचिडांसाठी मिळणारी औषधे मांजरीला, विशेषतः ज्यांत परमेथ्रिन असते ती, प्राणघातक ठरतात. एवढ्याशा पिलाचे रक्त पिसवा इतके शोषतात की हिरड्या पांढऱ्या पडून ते मरू शकते, म्हणून दुर्लक्षही करता येत नाही. बारीक दातांच्या फणीने, म्हणजे उवांच्या फणीने, पिसवा काढून साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात आणि अंथरूण रोज उकळत्या पाण्यात धुवावे. आईसाठी कोणते औषध चालेल ते डॉक्टरांना विचारावे. जाता जाता आणखी एक : तापावरची पॅरासिटामॉलची गोळी मांजरीला विष आहे, तिचा चतकोरही देऊ नये.

आईमध्ये कोणती लक्षणे धोक्याची समजावीत?

तांबूस-तपकिरी, वास नसलेला थोडा स्राव दोन-तीन आठवडे चालू राहतो, त्याची चिंता नको. स्रावाला घाण वास येऊ लागला, अंग तापले, तिने खाणे सोडले आणि पिलांकडे पाठ फिरवली, तर गर्भाशयात जंतुसंसर्ग झाला असावा. एखादा सड दगडासारखा कडक, लाल व गरम झाला असेल आणि हात लावताच ती फिसकारत असेल, तर तो स्तनदाह असतो. गाईची कास सुजलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

सर्वांत तातडीचा विकार मात्र फारसा कोणाला माहीत नसतो. दुधावाटे कॅल्शियम झपाट्याने निघून गेल्यामुळे, बहुधा पिले दोन-चार आठवड्यांची असताना, मांजर अस्वस्थ होते, धापा टाकते, पाय ताठ करून चालते, अंगाला थरथर सुटते आणि शेवटी झटके येतात. हे दृष्ट लागल्याचे किंवा बाहेरच्या बाधेचे लक्षण नव्हे. पिले ताबडतोब वेगळी करून तिला डॉक्टरांकडे न्यावे. शिरेतून कॅल्शियम मिळाले तर ती लवकर सावरते, आणि उशीर झाला तर काही तासांतच प्राण जाऊ शकतो.

बोका पिले मारतो का?

मारतो, विशेषतः परका बोका. रात्री खोलीचे दार लावावे आणि खिडकीला जाळी बसवावी.

एखादे पिलू मेले तर?

लगेच हिसकावून घेऊ नये. आईला ते काही वेळ हुंगू-चाटू द्यावे, ती त्याच्यापासून दूर झाली की उचलून खोल खड्ड्यात पुरावे. पाठोपाठ दुसरेही मलूल दिसू लागले, तर उरलेल्या पिलांची त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी.

पिले केव्हा देऊन टाकावीत, आणि त्याआधी काय काय करावे?

तिसऱ्या आठवड्यात पिले चालू लागतात व दुधाचे दात येतात; चौथ्यापासून ओले मऊ खाद्य चाटायला द्यावे आणि उथळ पाटीत रेती ठेवावी. शेतातली काळी माती चालते, पण ती पंजांना चिकटून घरभर होते. जंताचे औषध साधारण तिसऱ्या आठवड्यापासून डॉक्टर वजन पाहून देतात, कारण जंतांची लागण आईच्या दुधातूनच होते. आठव्या आठवड्याच्या सुमारास पहिली लस, त्यानंतर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढच्या मात्रा, आणि तीन महिन्यांनंतर रेबीजची लस, असा सर्वसाधारण क्रम असतो.

आठ आठवड्यांपूर्वी पिलू आईपासून तोडू नये. दहा-बारा आठवडे ठेवता आले तर चावणे-ओरबाडणे कुठवर, हे ते भावंडांत शिकून जाते. घर मिळत नाही म्हणून पोत्यात घालून आठवडी बाजारात किंवा देवळामागे सोडून येणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार गुन्हा आहे. पिलू नेणाऱ्याच्या घरी आपण एकदा जाऊन यावे. तेथे उघडी विहीर, मोकाट कुत्री आणि उंदरांसाठी ठेवलेले विष आहे का, एवढे पाहिले तरी पुष्कळ होते.

ती लगेच पुन्हा गाभण राहते का?

राहू शकते. पिले अंगावर पीत असतानाही मांजर माजावर येते, म्हणून दूध तुटेपर्यंत तिला बाहेर सोडू नये. पिले पूर्ण खाऊ लागल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी, सडांतील दूध आटल्यावर, तिची नसबंदी करून घेता येते. ठकीची शस्त्रक्रिया तिसऱ्या वेतानंतर झाली. ती पहिल्याच वेतानंतर करायला हवी होती. मधल्या दोन वेतांतील नऊ पिलांना घरे शोधताना आमच्या सर्व नातेवाइकांच्या ओसऱ्या भरून गेल्या.